बाकी तीन

पगुमेला पगार नसतो.
बारा महिने तीस-तीस दिवसांचे,
त्यांचं नगरपालिका चुकतं करते;
तेरावा आपला आपण निभवायचा.
घरमालकही भाडं मागत नाही त्या पाच दिवसांचं.
लोक म्हणतात, दुष्काळात तेरावा महिना.
देब्रे मार्कोसला तो सुकाळातही येतो,
पावसाचं शेपूट धरून, दर वर्षी.
आणि चार वर्षांतून एकदा
त्याच्या पाचाचे सहा दिवस होतात.

त्या सहाव्या दिवसाचा मी, तेरेफे,
आवक-जावक कारकून.
तेरेफे म्हणजे उरला.

मेरगेता अड्मासू शिकवायचे
चर्चमागच्या निलगिरीखाली,
काठीनं ओल्या मातीत आकडे ओढत:
साल घे. साडेपाच हजार मिळव,
तेवढी वर्षं प्रभूच्या आधी गेली.
चारानं भाग.
एक उरला तर साल मत्तयाचं,
दोन उरले, मार्काचं,
तीन, लूकाचं;
काहीच नाही उरलं तर योहानाचं.
लूकाच्या शेवटाला जास्तीचा दिवस.
का? तर प्रत्येक वर्ष जाताना
सहा तास मागे ठेवून जातं.
आईची इकुब आहे ना, भिशी?
चौघं भिडू, प्रत्येकाचे सहा तास,
डबा लूकाच्या हाती फुटतो.

मी माझं साल मांडलं.
एकोणीसशे त्रेसष्ट, अधिक साडेपाच हजार:
सात हजार चारशे त्रेसष्ट.
चारानं भागलं.
बाकी तीन.
धावत घरी गेलो,
आई, माझ्या नावाचा अर्थ कळला!
ती तव्यावर पीठ ओतत होती, गोल गोल, बाहेरून आत.
म्हणाली, हो का.

एवढंच. पुढची बावीस वर्षं एवढंच.

मग एकदा, तिच्या शेवटच्या आजारात,
कॉफी गार होईपर्यंत हातात धरून म्हणाली:
तुझ्या मेरगेतांचं गणित बरोबर आहे रे,
पण माझी वजाबाकी होती.
तुझ्याआधी दोघी होत्या.
एक चालायला लागली होती.
गोवर आला.
दोघींना पुरून तू उरलास.
दिवस कुठला होता, कुणाला ठाऊक!
तारीख तुझ्या बापानं लिहिली.

त्यांची नावं विचारायची राहिली.
म्हणजे, विचारली नाहीत मी.

यंदा दोन हजार पंधरा. करून बघा,
पुन्हा तीनच उरतात.
बावन्न वर्षांत माझा तेरावा वाढदिवस,
तेराव्या महिन्यात.
मुलीचा फोन आला टोरांटोहून.
ब्रुक्तावितच्या कॅलेंडरवर आज अकरा सप्टेंबर.
ती म्हणाली, इथे शेवटी बाकी उरून चालत नाही, बाबा.
चारानं पूर्ण भाग गेला तर लीप वर्ष,
पण शंभरानं गेला तर नाही,
पण चारशेनं गेला तर पुन्हा हो.
मी म्हटलं, एवढे पण कशाला?
म्हणाली, कारण सहा तास पुरते भरत नाहीत,
दर वर्षी अकरा मिनिटं कमी पडतात.
चारशे वर्षांत तीन दिवस जास्त होतात,
ते आम्ही काढून टाकतो.

कुणाचे?
मी विचारलं.
ती हसली. मग हसायची थांबली.

आम्ही काही काढत नाही.
त्यांचं एकवीसशे साल लागलं
की आमचं नवं वर्ष त्यांच्या कॅलेंडरात
आणखी एक घर पुढे सरकेल.
सरकू दे. पृथ्वीला भिशी कळत नाही,
अकरा मिनिटांसाठी तिच्याशी कुणी भांडावं.

संध्याकाळी शेजारची पोरं पावसात न्हाऊन आली,
पगुमेचं पाणी पवित्र म्हणून.
उद्या साल योहानाचं,
माळावर पिवळी फुलं आलीच आहेत.
मी आवक-जावकची वही उघडली.
आजच्या तारखेला काहीच आलं नव्हतं, गेलं नव्हतं.
दोन ओळी कोऱ्या सोडल्या
आणि खाली सही केली.